सोवळ्याच्या उंबरठ्यापलीकडे : लक्ष्मीबाई टिळक



राखेचा बुधवार जवळ आला की मिस्सा संपल्यावर अनेक जण आम्हाला दारात गाठतात आणि एकच प्रश्न विचारतात : फादर, या प्रायश्चित्तकाळात काय सोडू? कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा, कोणी तंबाखू, कोणी संध्याकाळच्या मालिका. चाळीस दिवस नेटाने पाळतात आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दुपारी सारे पूर्ववत सुरू होते. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही, कारण आमचेही तेच होते. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितले तेव्हा आम्हीही मोठ्या उत्साहाने नवे बूट आणले. ते बूट अजून नवेच आहेत.

मग प्रश्न असा पडतो की, श्रद्धा आपल्या रोजच्या सवयींपर्यंत पोहोचते की नाही? जेवणाचे ताट, पाण्याचा तांब्या, झोपेची वेळ, पाहुण्याला दिलेली वागणूक, संध्याकाळी मनात येणारे विचार, उद्यासाठी धरलेला हेतू, या सगळ्यांत ख्रिस्त आहे का? की तो फक्त रविवारी साडेसातच्या मिस्सापुरता आहे?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी भाषेत देण्याऐवजी आम्ही आज आपल्याच नाशिकच्या एका स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत. तिचे नाव शाळेत मराठीच्या पुस्तकात अनेकांनी वाचले असेल : लक्ष्मीबाई टिळक. जन्म आपल्या शहराजवळचा आणि मृत्यूही नाशिकचाच. पण तिला आपण लेखिका म्हणून ओळखतो, श्रद्धेच्या वाटेवरची यात्रेकरू म्हणून फारसे ओळखत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या होत्या. तरीही चर्चच्या पत्रकात त्यांना स्थान का, असे कोणी विचारील. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जो आदेश काढला, त्यात आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांच्या जीवनातही पवित्र आत्म्याचे कार्य ओळखावे आणि त्यापासून शिकावे असे आपल्याला शिकवले आहे. तेव्हा आज आपण शिकण्यासाठी बसू या.

जलालपूरची मनू

गोदावरीच्या काठी, नाशिकपासून जवळच जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली गोखले यांच्या घरात एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, लाडाने मनू. घर कर्मठ ब्राह्मणाचे. १८५७ च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर असा आघात झाला की त्यांना विटाळाची जबरदस्त धास्ती बसली. सोवळे हा त्यांचा धर्म राहिला नाही, तो आजार झाला. बाजारातून आलेले धान्य धुवायचे, वाळवायचे, मगच घरात घ्यायचे. कोणाची सावली पडली, कोणाचा पदर लागला, की पुन्हा सारे पहिल्यापासून. घरातल्या बायकांचे हात पाण्यातून निघत नसत. मुलांना मोकळेपणाने खेळायलाही धाक.

बंधुभगिनींनो, येथे जरा थांबू या. स्वच्छता ही चांगली सवय आहे, यात वाद नाही. हात धुवावेत, भांडी घासावीत, पाणी गाळून प्यावे. पण मनूच्या घरात पाणी भरपूर होते आणि आरोग्य नव्हते. कारण तेथले धुणे जंतूंसाठी नव्हते, माणसांच्या भीतीपोटी होते. प्रभू येशूने परूश्यांशी हात धुण्यावरून जो वाद घातला तो आपल्याला मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात वाचायला मिळतो. प्रभूचा आक्षेप पाण्याला नव्हता. माणसाला अशुद्ध करणारी गोष्ट बाहेरून आत जात नाही, ती अंतःकरणातून बाहेर येते, हे त्याला दाखवायचे होते. जलालपूरच्या त्या घरात मनूने हा धडा ऐकला नव्हता. पण त्या धड्याची गरज तिने लहानपणीच अंगावर भोगली होती.

टिळकांच्या घरात

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचे लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक, जन्म १८६१, मूळचे कोकणातले, संस्कृत शिकण्यासाठी नाशिकला आलेले. लग्नानंतर मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, कवी, वक्ते, अंतःकरणाचे मऊ आणि स्वभावाचे तापट. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला की गरजूला देऊन मोकळे. घरात चूल पेटेल की नाही याची चिंता बायकोने करायची.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून आणि तीही सुखासुखी नव्हे. टिळक शिकवायला बसायचे, रागवायचे, अभ्यास मध्येच राहायचा, पुन्हा काही दिवसांनी सुरू व्हायचा. अशा तुटक धड्यांतून त्या वाचायला शिकल्या, कसेबसे लिहायला शिकल्या. शुद्धलेखन त्यांना शेवटपर्यंत फारसे जमले नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच हाताने काय लिहिले हे आपण पाहणार आहोत.

टिळकांच्या मनात धर्माविषयी प्रश्न होते. माणसामाणसांत भेद न करणारा देव कोठे सापडेल, हा त्यांचा शोध होता. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. ते वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले आणि पुढे ख्रिस्ताचे झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. वय सव्वीस, पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तो गेल्यातच जमा. बहीण व मेहुण्यांनी आधार दिला. काही काळ पंढरपूरला, काही काळ इतर आप्तांकडे, अशी सुमारे चार-पाच वर्षे ताटातुटीत गेली. तब्येत ढासळली. मनातले दुःख सांगायला कोणी नसे, तेव्हा त्या ते ओळींत बांधू लागल्या.

श्रद्धेची गोष्ट सांगताना आपण ही वर्षे घाईने ओलांडतो. नवऱ्याला प्रकाश दिसला आणि पत्नीने त्याची किंमत मोजली, हे सत्य आहे. ते लपवून टिळकांचा मोठेपणा वाढत नाही. देवाची हाक एका माणसाला आली तरी तिचे ओझे साऱ्या घरावर पडते. आपल्यापैकी जे व्रतस्थ झाले, जे नोकरी सोडून सेवेत गेले, त्यांनी आपल्या मागे राहिलेल्या आईवडिलांची, भावंडांची आठवण ठेवावी, एवढे तरी लक्ष्मीबाईंच्या अश्रूंनी आपल्याला शिकवावे.

सर्वांत अवघड सवय

अखेर त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेल्या. पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे जसेच्या तसे. एका बाजूला पती, दुसऱ्या बाजूला जन्मापासूनचा संस्कार आणि मध्ये पाण्याची घागर. टिळकांनी येथे शहाणपण दाखवले. स्वभाव तापट असला तरी बायकोच्या धर्मावर त्यांनी जबरदस्ती केली नाही.

लक्ष्मीबाईंच्या मनात मात्र विचार सुरू झाले. हे विचार कोणी धर्मोपदेशकाने घातले नव्हते. त्या एकट्याच मनाशी वाद घालत. देवाने माणूस निर्माण केला. मग जात कोणी निर्माण केली? सगळ्यांची हाडेमांसे सारखी, जन्म सारखा, मरण सारखे. पशुपक्ष्यांत जसे निरनिराळे प्रकार दिसतात तसा भेद देवाने माणसांत केला असता, तर तो डोळ्यांना दिसला असता. तो दिसत नाही. म्हणजे ही उतरंड माणसाची. असा निष्कर्ष झाल्यावर त्यांनी तो मनात ठेवून दिला नाही. आजपासून आपण कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेणार, असे त्यांनी ठरवले आणि तसे वागायला लागल्या.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना सद्गुणांवर एक धडा होता. अॅरिस्टॉटलचे म्हणणे असे की, न्यायाची कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो, जसा वाद्य वाजवत वाजवत वादक होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला जोड दिली : देवाची कृपा मानवी स्वभावाला बाजूला सारत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते. परीक्षेत आम्ही हे चांगले लिहिले. पण त्याचा अर्थ आम्हाला लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचताना कळला. तीस वर्षे ज्या हाताला इतरांचा स्पर्श टाळायची सवय होती, तो हात एका विचाराने पुढे झाला आणि मग रोज, प्रत्येक जेवणाला, प्रत्येक पाहुण्यापुढे पुन्हा पुन्हा पुढे होत राहिला. तेव्हाच तो विचार त्यांच्या रक्तात उतरला.

राहुरी येथे १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे त्या नवऱ्याच्या मागे ओढल्या गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी चालत आल्या. आधी सवय बदलली, मग नाव नोंदले गेले. आपल्यापैकी बहुतेकांचे उलटे आहे. आपला स्नानसंस्कार पाळण्यात असताना झाला. नाव नोंदणीपुस्तकात केव्हाच लागले आहे. सवयी अजून वाट पाहत आहेत.

शुद्ध हात

त्याच काळात महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. अन्नावाचून माणसे गावे सोडून निघाली, मुले अनाथ झाली. टिळकांच्या घरात अशी मुले येत राहिली. घरात पैसा बेताचा, पण भाकरीचे तुकडे वाढत गेले. लक्ष्मीबाईंनी कोणाचे मूल आहे हे विचारले नाही. जिच्या वडिलांच्या घरी दुसऱ्याच्या सावलीने विटाळ व्हायचा, ती स्त्री आता कोणत्याही जातीच्या उपाशी मुलाचे तोंड स्वतःच्या पदराने पुसत होती.

पुढे नगरला प्लेगची साथ आली. प्लेग म्हणजे काय हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही. काखेत गाठ, जोराचा ताप आणि काही दिवसांत मृत्यू. घरेच्या घरे ओस पडत. सख्खे नातेवाईक आजाऱ्याजवळ जायला घाबरत. अशा वेळी लक्ष्मीबाई गावाबाहेरच्या छावणीत आजारी मुलींच्या शुश्रूषेला गेल्या. तेथे स्वच्छता जीवनमरणाचा प्रश्न होती. अंथरुणे, कपडे, भांडी, पाणी सारे काही जपायचे. लहानपणी शिकलेले धुणे येथे उपयोगी पडले असेल, असे आम्हाला वाटते. फरक एवढाच की जलालपूरच्या घरात माणूस दूर राहावा म्हणून धुवायचे आणि छावणीत माणूस जगावा म्हणून धुवायचे. पाणी तेच, हात तेच, हेतू बदलला.

आपण २०२० आणि २०२१ ही वर्षे विसरलेलो नाही. त्या काळात आपणही खूप हात धुतले. काही घरांनी शेजाऱ्याच्या दाराशी डबा ठेवला, औषधे आणून दिली, अंत्यविधीला कोणी नव्हते तेथे खांदा दिला. आणि काही घरांनी बरे होऊन परतलेल्या माणसाशीही बोलणे टाकले. दोन्ही घरांत साबण सारखाच वापरला गेला. आपले घर कोणत्या बाजूला होते, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारावे.

शरीराची काळजी घेणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल आपल्याला शिकवतो. म्हणून वेळेवर झोप, बेताचे जेवण, दारू-तंबाखूपासून दूर राहणे, औषध न चुकवणे, थोडे चालणे या साध्या गोष्टीही प्रार्थनेच्याच अंगणात येतात. पण मंदिराची निगा राखायची ती त्यात कोणाला तरी आसरा मिळावा म्हणून. निरोगी शरीर सेवेला लागत नसेल तर ती निगाही एक प्रकारचे सोवळेच झाली.

कृतज्ञतेचे पुस्तक

टिळकांच्या घराचे दार कधी बंद नसे. आपल्या सर्वांना ठाऊक असलेले बालकवी ठोंबरे तरुणपणी त्यांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. १९१८ साली बालकवींचा रेल्वेखाली अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. पोटासाठी काम शोधावे लागले. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून त्या राहिल्या. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीलाही राहिल्या. कीर्तने केली, ख्रिस्ताचे चरित्र आपल्या घरगुती मराठीत लोकांना सांगितले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवत होता. त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. जिला जोडाक्षरे छळत त्या आईने लिहायला घेतले, ते जसे बोलत तसेच. त्यातून स्मृतिचित्रे हे पुस्तक झाले. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. आज मराठीतल्या सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली आहेत.

आम्ही हे पुस्तक अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी एका गोष्टीचे नवल वाटते. या बाईजवळ तक्रारीची केवढी मोठी यादी असायला हवी होती! वडिलांचे सोवळे, सासरचे हाल, नवऱ्याचा राग, चार-पाच वर्षांची ताटातूट, दारिद्र्य, मुलांची आजारपणे, वैधव्य. हे सगळे पुस्तकात आहे. काही लपवलेले नाही. टिळकांशी झालेली भांडणे आहेत, रिकामे डबे आहेत. पण पान उलटताना वाचकाला हसू येते. ज्या माणसाने तिला इतके रडवले त्याच्याविषयी लिहिताना तिच्या शब्दांत कडवटपणा नाही, माया आहे.

आमच्या मते हीच कृतज्ञता. कृतज्ञता म्हणजे सगळे छान झाले असे म्हणणे नव्हे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण प्रभूकडे परत फिरला एकच, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो. बाकीचे नऊ जण वाईट होते असे तेथे म्हटलेले नाही. ते पुढे निघून गेले, एवढेच. जो परत फिरला त्याने आपले दुखणे आठवले आणि देणगीही आठवली. स्मृतिचित्रे हे असे मागे वळून पाहणे आहे. लक्ष्मीबाई आयुष्याच्या संध्याकाळी परत फिरल्या आणि दुःखासकट सारे आयुष्य त्यांनी देवाच्या पायाशी ठेवले.

आपली मिस्सा म्हणजे तरी दुसरे काय आहे? युखारिस्ट या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. प्रभूने ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्याच रात्री भाकर हाती घेतली आणि पित्याचे आभार मानले. सुखाच्या रात्री नव्हे. दर रविवारी आपण त्या आभारात सामील होतो आणि घरी जाताना रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडतो. आभार मानण्याची सवय वेदीपासून रिक्षाथांब्यापर्यंत पोहोचायला हवी.

पन्नाशीनंतरचे ध्येय

टिळकांची एक मोठी इच्छा अपुरी राहिली होती. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठी महाकाव्यात गायचे, हा त्यांचा संकल्प. त्याला नाव दिले होते ख्रिस्तायन. सुरुवातीचे काही अध्याय लिहून झाले आणि टिळकांना देवाचे बोलावणे आले. मागे राहिलेले काम पुढे कोण नेणार? मराठीत पंडित कवी पुष्कळ होते. पण ते काम हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, उतारवयाला लागलेल्या विधवेने ख्रिस्तायनाला साठाहून अधिक अध्याय जोडले.

आपल्याकडे माणूस पन्नाशीला आला की म्हणतो, आता आमचे काय राहिले, मुलांचे झाले म्हणजे झाले. धर्मग्रामात गायनवृंदासाठी, धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी, आजाऱ्यांच्या भेटीसाठी आम्ही नावे मागतो तेव्हा हेच उत्तर मिळते. कोणाला वाचता येत नाही, कोणाला बोलता येत नाही, कोणाचे गुडघे दुखतात. गुडघे खरोखरच दुखतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण लक्ष्मीबाईंच्या ध्येयाकडे नीट पाहा. त्यांनी स्वतःच्या नावासाठी नवे काही आरंभले नाही. प्रेमाच्या माणसाचे आणि प्रभूचे एक अपुरे काम समोर होते, ते त्यांनी उचलले. ख्रिस्ती ध्येय बहुधा असेच सापडते. आजूबाजूला नजर टाकली की कोणते काम अर्धवट पडले आहे ते दिसते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. जलालपूरहून निघालेली वाट नगर, राहुरी, मुंबई, कराची असा फेरा घेऊन पुन्हा गोदाकाठी येऊन थांबली. ख्रिस्तायन पुस्तकरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. त्यांच्या कवितांचा संग्रह भरली घागर हाही नंतरचाच. घागर हा शब्द वाचला की आम्हाला ती जुनी, कोणी शिवू नये म्हणून जपलेली पाण्याची घागर आठवते. आयुष्याच्या शेवटी तीच घागर भरून सगळ्यांसाठी दारात ठेवलेली होती.

आपल्यासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, हे चरित्र वाचून आपण नुसते भारावून जाऊ नये. भारावणे सोमवारी सकाळपर्यंत टिकते. म्हणून या प्रायश्चित्तकाळासाठी आम्ही तीन लहान गोष्टी सुचवतो. आम्ही स्वतःही त्या करणार आहोत.

पहिली गोष्ट सवयीची. काय सोडू, या प्रश्नाबरोबर काय धरू हाही प्रश्न विचारा. एकच सवय निवडा आणि ती दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचणारी असू द्या. चालायला जाणार असाल तर वाटेत एका आजारी शेजाऱ्याच्या दारात थांबा. एक वेळचे जेवण सोडणार असाल तर ते ताट कोणाला तरी मिळू द्या. आम्ही नवे बूट कपाटातून काढले आहेत आणि आमच्या सकाळच्या वाटेवर आपल्या धर्मग्रामातल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरे येतात, हे नकाशावर पाहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. रात्री झोपण्यापूर्वी कुटुंबाने पाच मिनिटे एकत्र बसावे. मोबाईल बाजूला. प्रत्येकाने दिवसातली एक देणगी आणि एक दुखणे सांगावे. दुखणेही सांगावे, कारण लपवलेल्या दुःखातून खोटी उपकारस्तुती निघते. मग आमच्या बापा म्हणावी आणि दिवा मालवावा.

तिसरी गोष्ट ध्येयाची, आणि हीच सर्वांत कठीण. आपले धर्मग्राम लहान असले तरी यात मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ आणि आदिवासी भाषा बोलणारी घरे आहेत. आपण एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेतो. पण मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कोण कोणाशी बोलतो, सणाला कोण कोणाच्या घरी जेवतो, लग्न जमवताना कोणते प्रश्न हळू आवाजात विचारले जातात, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे. सोवळे संपले असे आम्ही वेदीवरून सांगतो. ते आपल्यात संपले आहे, असे आम्हाला छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून या चाळीस दिवसांत प्रत्येक कुटुंबाने एक ध्येय ठेवावे : ज्या घरी आपण आजवर एक घोट पाणीही प्यायलो नाही, अशा आपल्याच धर्मग्रामातल्या एका घरी जाऊन जेवावे आणि त्यांना आपल्या घरी बोलवावे. मेजवानी नको. भाजीभाकरी पुरे.

एका स्त्रीने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, एकटीने, कोणी सांगितले नसताना हे पाऊल उचलले. तेव्हा तिच्यापाशी चर्च नव्हते, पत्रक नव्हते, वेदीवरची भाकरही नव्हती. आपल्यापाशी हे सगळे आहे.

पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दारात नेहमीप्रमाणे उभे असू. त्या दिवशी कोणी काय सोडले हे आम्ही विचारणार नाही. कोणाच्या घरी जेवलात, एवढेच विचारू. उत्तर तयार ठेवा. आमच्या बुटांविषयी विचारायला तुम्हालाही मुभा आहे.

प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, पित्याची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सोबत तुम्हा सर्वांच्या घरी नांदो.